जुन्या पेठेतली लिलावाची घरं : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुलं पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई.



मी पुण्यात वकिली करते आणि माझं बहुतेक काम घरांच्या कागदांचं असतं. दुय्यम निबंधक कार्यालयातून तीस वर्षांचे इंडेक्स टू काढायचे, सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका आणायची, वाड्याच्या मूळ मालकाचे वारस कोण आणि त्यांतल्या कुणाची सही राहून गेली आहे ते बघायचं, आणि शेवटी पक्षकाराला सांगायचं, घ्या किंवा सोडून द्या. अलीकडे माझ्याकडे येणाऱ्यांत एक नवा वर्ग वाढला आहे. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण असतं, नाहीतर मोबाइलवर ‘बँकनेट’ पोर्टलवरची जाहिरात. “मॅडम, बँकेच्या लिलावातला फ्लॅट आहे. पेठेत आहे आणि आम्हाला परवडतोय. घ्यावा का?”

या प्रश्नाचं उत्तर मला बहुतेक वेळा देता येत नाही. सरकारी दप्तरात जे सापडतं ते मी शोधून देते. पण ज्या माहितीवर निर्णय फिरतो ती त्या दप्तरात नसते. आत कोण राहतं, सोसायटीची बाकी किती, इमारतीला महापालिकेची नोटीस आली आहे का, कर्जदाराने कुठे दाद मागितली आहे का, हे सगळं बँकेच्या फायलीत असतं आणि ती फाइल विकत घेणाऱ्याला दाखवत नाहीत. ती उघडली जावी म्हणून हे पत्र लिहिते आहे.

थकलेल्या कर्जापोटी घराचा लिलाव होऊच नये, असं माझं म्हणणं नाही. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर 2013 साली निर्बंध आले आणि 2022 मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधल्या काळात आमच्या पेठांतली पेन्शनर मंडळी स्वतःच्याच पैशासाठी कशी ताटकळली, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. कर्ज वसूल झालं नाही की त्याची झळ शेवटी ठेवीदाराला बसते. 2002 च्या सरफेसी कायद्याने बँकांना कोर्टाची पायरी न चढता तारण विकायचा अधिकार दिला. तो सहकारी बँकांनाही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे 2020 मध्ये दिला, आणि मला तो योग्य वाटतो. पण ज्याच्या हाती एवढा अधिकार आहे त्याने घर विकताना निदान साध्या घरमालकाइतकं तरी खरं बोलावं. उद्या मी माझं राहतं घर विकायला काढलं, तर सहज लक्षात न येणारे पण मला माहीत असलेले मोठे दोष खरेदीदाराला सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 55 व्या कलमात तसं लिहिलेलंच आहे. बँक मात्र ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे’ अशी अट नोटिशीत छापते आणि मोकळी होते.

नारायण पेठेतल्या एका फ्लॅटचं सांगते. वाडा पाडून ऐंशीच्या दशकात बांधलेली चार मजली इमारत. लिफ्ट नाही, जिन्यात दुपारीही दिवा लावावा लागतो. नोटिशीतला मजकूर असा : तिसरा मजला, 540 चौरस फूट, राखीव किंमत 48 लाख रुपये, ताबा प्रतीकात्मक, ज्ञात बोजे ‘माहीत नाहीत’. माझ्याकडे आलेलं जोडपं अप्पा बळवंत चौकाजवळ भाड्याने राहत होतं. तो पुस्तकांच्या दुकानात हिशेब बघतो, ती शाळेत शिकवते. सासूबाईंचे डॉक्टर, मुलीची शाळा, दोघांच्या नोकऱ्या, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. आंबेगावला किंवा वाघोलीला याहून मोठी जागा मिळत होती, पण त्यांना पेठ सोडायची नव्हती.

बँकेने पाहणीसाठी दिलेल्या वेळेला आम्ही तिघं जिना चढून गेलो. बँकेच्या वतीने वसुली एजन्सीचा एक तरुण मुलगा आला होता. त्याच्याकडे किल्ली नव्हती. बँकेने दारावर नोटीस डकवून कागदोपत्री ताबा घेतला होता, कडी कधी काढलीच नव्हती. ती नोटीस अजून दारावर होती, चिकटपट्टी पिवळी पडलेली. आत कुकरची शिट्टी झाली. “आम्हाला बेल वाजवायची परवानगी नाही,” मुलगा म्हणाला. मग बेल मी वाजवली. सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी दार उघडलं, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता आत जाऊन प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. पिशवीत भाडेपावत्या होत्या, वाडा उभा होता तेव्हापासूनच्या. वाडा पाडला तेव्हा मालकाने काही भाडेकरूंना मालकीहक्काने जागा दिल्या आणि काहींना नव्या इमारतीत भाडेकरू म्हणूनच ठेवलं. या बाई दुसऱ्या गटातल्या. पुढे मालकाच्या मुलाने धंद्यासाठी कर्ज काढलं आणि स्वतःच्या नावावरचे फ्लॅट तारण दिले. बाई म्हणाल्या, “लिलाव लागला की कुणी ना कुणी येतंच. पावत्या दाखवल्या की जातात बिचारे.”

भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात सांगितलं. 2019 मध्ये न्यायालयाने त्याला चौकट घातली : भाडेकरू तारणाच्या आधीपासूनचा आहे हे कागदांनिशी सिद्ध व्हायला हवं. बाईंच्या पिशवीत नेमके ते कागद होते. म्हणजे 48 लाख मोजणाऱ्याच्या पदरात राहायला घर पडलं नसतं. महिन्याकाठी चार पैसे भाडं आणि कोर्टाच्या तारखा पडल्या असत्या. जोडप्याने बोली लावली नाही. पण दुपारची वेळ होती, बाई घरात होत्या आणि त्यांनी दार उघडलं, म्हणून ते वाचले. आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्या माणसाची सुरक्षितता अशा योगायोगावर असावी का, हे मला तुम्हाला विचारायचं आहे.

नंतर प्रकरण ऋण वसुली न्यायाधिकरणात गेलं तेव्हा बँकेच्या मूल्यांककाचा अहवाल माझ्या पाहण्यात आला. जागेत जुना भाडेकरू राहतो, असं त्यात स्वच्छ नमूद होतं. राखीव किंमत याच अहवालाच्या आधारे ठरली होती. म्हणजे किंमत ठरवताना बँकेला भाडेकरू माहीत होता आणि नोटीस काढताना तोच ‘माहीत नाही’ झाला. याला चूक म्हणायला मी तयार नाही, ही पडलेली पद्धत आहे. त्या फ्लॅटचे दोन लिलाव बोलीविना गेले. तिसऱ्या वेळी राखीव किंमत बरीच खाली आली आणि अशाच घरांचा व्यवहार करणाऱ्या एकाने तो घेतला.

या व्यवहारात कुणाचं काय झालं ते बघा. सामान्य कुटुंब बाहेर राहिलं. जाणकार व्यापाऱ्याने अंधाराची किंमत वजा करून बोली लावली. बँकेची वसुली कमी झाली. कर्जदाराचं घर गेलं आणि कर्ज पुरतं फिटलं नाही, कारण लिलावातून येणारी रक्कम थकबाकीपेक्षा कमी पडली तर उरलेल्या पैशांसाठी बँक त्याच्यामागे न्यायाधिकरणात जाऊ शकते. थकबाकीहून जास्त रक्कम आली, तर वरचे पैसे कायद्याने त्याचेच असतात. म्हणजे माहिती दडवल्यामुळे किंमत जितकी पडते, तितकं नुकसान कर्जदाराचं होतं, आणि तो बुडाला तर ठेवीदाराचं. खरेदीदारापुरतीच ही तक्रार असती तर मी तुम्हाला लिहिलं नसतं.

नव्या उपनगरात हा प्रश्न एवढा तीव्र नाही. तिथे रेराची नोंदणी असते, भोगवटा पत्र असतं, इमारत फार जुनी नसते. जुन्या शहराची गोष्ट वेगळी आहे. इथे फ्लॅट एकाच्या नावावर असतो आणि खालची जमीन मिळकत पत्रिकेवर अजून वाड्याच्या मालकाच्या आजोबांच्या नावावर असते, कारण बिल्डरने सोसायटीला जमिनीचं अभिहस्तांतरण करूनच दिलेलं नसतं. मोफा कायद्यातल्या 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचा, मार्ग खुला झाला, पण पेठेतल्या कित्येक इमारतींनी अजून अर्जसुद्धा केलेला नाही. आज घर घेणारा मनातल्या मनात उद्याच्या पुनर्विकासाचा हिशेब करत असतो, आणि तो सगळा या एका कागदावर अवलंबून असतो.

शनिवारवाड्याच्या आसपासचं घर असेल तर आणखी पेच. शनिवारवाडा हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. स्मारकांच्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगीशिवाय करता येत नाही. कसबा आणि शनिवार पेठेतल्या मोडकळीला आलेल्या इमारतीतला फ्लॅट विकताना ही गोष्ट सांगितली नाही, तर घेणारा कधीच न होणाऱ्या पुनर्विकासाचे पैसे आज मोजतो. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना आणि इमारतींना नोटिसा देते. त्यात ‘सी-1’ वर्गातली इमारत म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत. अशी नोटीस लागलेल्या इमारतीतल्या घराचा लिलावही चालूच राहतो, कारण विकणाऱ्याला ते सांगायची सक्ती नाही.

शेजाऱ्यांचं दुखणं तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. बँकेने प्रत्यक्ष ताबा घेतलेलं घर लाखेची सीलं ठोकून वर्षानुवर्षं बंद राहतं. सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीत अशा फ्लॅटच्या मोरीतली जुना लोखंडी पाइप गंजला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या देवघराच्या छतावर आधी ओलीचा डाग आला, मग गिलाव्याचे पोपडे पडायला लागले. सचिव बँकेत गेले, तर शाखेने वसुली विभागाकडे बोट दाखवलं, वसुली विभागाने मुंबईच्या कार्यालयाकडे. सील तोडून प्लंबर आत न्यायची परवानगी कुणीच देईना. मेंटेनन्सही थकत होता. लिलाव झाल्यावर ती सगळी बाकी नव्या मालकापुढे ठेवली गेली, आणि त्याला ती नोटिशीत कुठे वाचल्याचं आठवेना, कारण ती छापलेलीच नव्हती.

आता पैशांचं वेळापत्रक बघा. 60 लाखांची बोली मंजूर झाली, की इसाऱ्याची रक्कम धरून 15 लाख त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी भरायचे. उरलेले 45 लाख विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी संमती दिली तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. प्रत्यक्ष ताबा नसलेल्या घरावर कर्ज द्यायला दुसरी बँक सहजी तयार होत नाही. अनेकदा लिलाव करणारी बँकसुद्धा स्वतःच विकलेल्या घरासाठी कर्ज देताना काचकूच करते. वेळेत पैसे उभे राहिले नाहीत, तर भरलेले 15 लाख जप्त. ही जप्ती कायदेशीर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये सांगितलं. नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी आधीच्या मालकाची थकबाकी नव्या जोडणीआधी मागू शकते, हे मे 2023 च्या निकालात आलं. हे निकाल चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, लिलावाला शिस्त हवीच. पण खरेदीदाराने डोळे उघडे ठेवून यावं अशी अपेक्षा कायदा जितकी वाढवतो, तितकं त्याला दिसेल असं ठेवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर वाढायला नको का?

यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. सरफेसीच्या अंमलबजावणीसाठी 2002 मध्येच नियम झाले. त्यातला आठवा नियम सांगतो, की बँकेला माहीत असलेले बोजे विक्रीच्या नोटिशीत द्यावेत, आणि मालमत्तेचं स्वरूप व मोल ठरवण्यासाठी खरेदीदाराला कळायला हवं असं जे प्राधिकृत अधिकाऱ्याला वाटेल, तेही द्यावं. नियम करणाऱ्यांनी विचार बरोबर केला होता. अडचण ‘अधिकाऱ्याला वाटेल’ इथे आहे. अधिकाऱ्याला काहीच वाटलं नाही तर त्याला कुणी विचारत नाही. त्याचंही खरं आहे म्हणा : एक शब्द जास्त लिहिला आणि त्यावरून पुढे वाद झाला, तर स्पष्टीकरण त्याला द्यायचं असतं. कमी लिहिल्याबद्दल आजवर कुणाला जाब विचारलेला मी पाहिला नाही.

आणि नमुना ठरवून तो सगळ्यांकडून पाळून घेता येतो, हे तुमच्याच बँकेने दाखवून दिलं आहे. 25 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकाने तुम्ही बँकांना आणि वित्तीय कंपन्यांना सांगितलं, की सरफेसीखाली ताब्यात घेतलेल्या मालमत्तांची यादी संकेतस्थळावर टाका आणि दर महिन्याला अद्ययावत करा. त्या नमुन्यात कर्जदाराचं नाव आहे, जामीनदाराचं नाव आहे, पत्ता आहे, थकलेली रक्कम आहे. कुणाची अब्रू जायची ती त्या यादीत गेली. घर घेणाऱ्याला उपयोगी पडेल असं मात्र त्यात जवळपास काही नाही. ज्या अधिकारात कर्जदाराचं नाव जगजाहीर झालं, त्याच अधिकारात घराची स्थितीही जाहीर करायला लावता येईल.

मला हवं आहे ते एका पानाचं पत्रक, प्रत्येक लिलावाच्या नोटिशीसोबत आणि बँकनेटवर त्या घराच्या जाहिरातीखाली. ताबा प्रतीकात्मक आहे की प्रत्यक्ष, हे पहिल्या ओळीत. आत कोण राहतं आणि कुठल्या नात्याने, मूल्यांकक शेवटचा कधी जाऊन आला आणि आत गेला की बाहेरूनच बघून आला. न्यायाधिकरणात किंवा दिवाणी कोर्टात काही चालू असेल तर दाव्याचा क्रमांक आणि पुढची तारीख. सोसायटीची, मिळकतकराची आणि विजेची बाकी किती, तीही अलीकडच्या तारखेची. सोसायटीला एक पत्र टाकलं तर हा आकडा मिळतो. इमारतीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, पूर्णत्वाचा दाखला आहे का, धोकादायक म्हणून नोटीस आहे का, स्मारकाच्या हद्दीचा निर्बंध लागतो का. कर्ज मंजूर करताना बँकेच्या वकिलाने दिलेला सर्च रिपोर्ट आणि लिलावाआधीचा मूल्यांकन अहवाल, कर्जदाराची खासगी माहिती झाकून, बोली लावणाऱ्याला बघायला मिळावा. पेठेतल्या घराला यातली प्रत्येक गोष्ट लागू होते आणि यातली एकही मिळवणं बँकेला अवघड नाही.

बँकांतली माझी परिचित मंडळी यावर म्हणतात, की एवढं सांगितलं तर कुणी बोलीच लावणार नाही. माझा अनुभव उलटा आहे. ज्या घरात काही भानगड नाही त्या घरापासूनही आज चांगली माणसं लांब राहतात, कारण भानगड आहे की नाही हे कळायला मार्गच नाही. मीच त्यांना लांब राहायला सांगते. सल्ला म्हणून दुसरं काय सांगणार? पत्रक आलं तर मोकळ्या, ताब्यातल्या, बाकी नसलेल्या घराला त्याची खरी किंमत येईल. भाडेकरू असलेलं घर भाडेकरूसकट घेणारा ग्राहकही असतो. तो त्या हिशेबाने बोली लावेल आणि पिशवीतल्या पावत्या बघून त्याला धक्का बसणार नाही. त्या बाईंनाही दर काही महिन्यांनी अनोळखी माणसांना आपलं भाडेकरूपण सिद्ध करून दाखवावं लागणार नाही.

दुसरं मागणं कर्जदाराच्या बाजूचं आहे. लिलाव हा घर विकायचा सगळ्यात महागडा मार्ग आहे, आणि त्या आधीचा एक मार्ग आपल्याकडे जवळजवळ वापरलाच जात नाही. साठ दिवसांत थकबाकी भरा, अशी सरफेसीखालची नोटीस हाती पडल्यावर कर्जदार बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकू शकत नाही. ते ठीकच आहे. पण तो स्वतः गिऱ्हाईक आणतो, त्याला घर उघडून दाखवतो, भाव ठरवतो, शाखेत अर्ज देतो आणि मग उत्तरच येत नाही. शाखा प्रमुख म्हणतात फाइल वर पाठवली आहे. गिऱ्हाईक महिना-दोन महिने थांबतं आणि दुसरीकडे जातं. मग लिलावाची नोटीस निघते. ती प्रसिद्ध झाली की घर सोडवून घ्यायचा कर्जदाराचा हक्क संपतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये पक्कं केलं. पुढे तेच घर आंधळ्या लिलावात त्या गिऱ्हाइकाच्या भावापेक्षा कमीला जातं. शनिवार पेठेतल्या एका छापखानावाल्यांच्या बाबतीत मी हे होताना पाहिलं. त्यांचा मुलगा अर्जाची पोच दाखवत अजून माझ्याकडे येतो, आणि आता त्याला देण्यासारखा सल्ला माझ्याकडे नाही.

अमेरिकेत 2008 च्या पडझडीनंतर हाच प्रश्न लाखो घरांपुढे उभा राहिला. तिथे राहणारा एखादा नातेवाईक असेल तर ‘शॉर्ट सेल’ हा शब्द आपल्याकडेही अनेकांच्या कानावरून गेला असेल. कर्जापेक्षा घराची किंमत कमी झाली, की मालक बँकेच्या संमतीने ते स्वतः विकतो आणि आलेल्या पैशांवर बँक बोजा उतरवते. मालक घरात असल्यामुळे घेणारा आत जाऊन बघतो, तपासनीस नेतो, प्रश्न विचारतो. एप्रिल 2010 मध्ये तिथल्या सरकारने यासाठी योजना आणली आणि घर सोडणाऱ्या कुटुंबाला सामान हलवायला सुरुवातीला 3000 डॉलर दिले. तरी तिथेही बँका महिनोन्‌महिने उत्तर देत नव्हत्या. म्हणून बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांच्या नियामकाने 2012 मध्ये मुदत घातली : प्रस्तावावर 30 दिवसांत प्रतिसाद, 60 दिवसांत अंतिम निर्णय. तिथली सगळी व्यवस्था आपण उचलावी असं नाही. क्लीव्हलंडसारख्या जुन्या शहराला त्या वर्षांत जे भोगावं लागलं ते तर आपल्यावर कधीच येऊ नये. जप्त होऊन रिकामी पडलेली घरं इतकी वाढली, की 2009 मध्ये तिथल्या काउंटीला अशी घरं ताब्यात घेण्यासाठी स्वतंत्र लँड बँक उभारावी लागली. पण उत्तर देण्याची मुदत मात्र आपण नक्की घ्यावी.

आपल्या नियमांत खासगी करारानेही तारण विकायची सोय आहे. तडजोडीने कर्ज मिटवण्याबाबत जून 2023 मध्ये तुम्ही चौकट दिलीच आहे. त्यात एवढंच जोडा : राहत्या घराच्या बाबतीत कर्जदाराने लेखी प्रस्ताव आणि खरेदीदार आणला, तर बँकेने 30 दिवसांत हो किंवा नाही कळवावं, नाही म्हटलं तर कारण द्यावं, आणि तोपर्यंत लिलावाची नोटीस काढू नये. खोटे प्रस्ताव आणून वेळ काढणारे निघतील, हे मला ठाऊक आहे. माझ्याच व्यवसायातले काही लोक त्यांना ते शिकवतील. त्यावर उपाय सोपा आहे. खरेदीदाराने इसाऱ्याएवढी रक्कम बँकेतच जमा करावी आणि अशी संधी एकदाच मिळावी.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट राहिली. पहिल्या मागण्यातल्या पत्रकावर प्राधिकृत अधिकाऱ्याची सही असावी, आणि बँकेच्या स्वतःच्या फायलीत असलेली गोष्ट त्यात दडवली गेल्याचं पुढे सिद्ध झालं, तर खरेदीदाराला सगळी रक्कम व्याजासह परत मिळावी. हे व्याज नुसतं ‘योग्य दराने’ असं लिहू नका, दर ठरवून द्या. फिटलेल्या कर्जाचे मूळ कागद 30 दिवसांत परत केले नाहीत तर दिवसाला 5000 रुपये भरपाई, असं तुम्ही सप्टेंबर 2023 मध्ये ठरवून दिलंत. त्यानंतर महिनोन्‌महिने अडकणारे कागद शाखांमधून वेळेत मिळायला लागले. माझ्या पक्षकारांना तो फरक जाणवला आहे. दंडाचा आकडा छापलेला असला की फाइल हलते.

आपली नम्र,
पुण्याच्या पेठेतली एक वकील